खाणीच्या आम्लयुक्त पाण्यासाठी चुना की चुनखडीचा बंदिस्त चर?

बंद कोळसा खाणीतून झिरपणारं पाणी ओढ्यात सोडायचं, तर सामू (पाणी किती आम्ल वा अल्कली ते सांगणारा pH) साधारण ६ ते ९ मध्ये हवा आणि लोह-मँगनीज परवान्यातल्या मर्यादेखाली. त्यासाठी विरलेला चुना टाकत राहायचा, की चुनखडीचा चर पुरायचा, म्हणजे चुनखडीचे दगड भरून वरून मातीने बंद केलेला, हवा न शिरणारा चर?

खर्च आधी. १ किलो आम्लतेला (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने) ०.७४ किलो चुना पुरतो, चुनखडी १ किलो लागते. पण चुन्याला वीज, ढवळणी, सामूमापक आणि रोजचा माणूस लागतो. चराचा खर्च बहुतेक एकदाच.

टिकाऊपणात मात्र चराची खरी परीक्षा आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह (ऑक्सिजनशी संयोग झालेलं लोह) आणि अ‍ॅल्युमिनियम, तिन्ही लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवेत. नाहीतर दगडावर लोहाचा थर चढतो, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गाळ फटी बुजवतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारा चर आतून निकामी होतो. म्हणून नमुना झऱ्याच्या तोंडाशीच घ्या, ऑक्सिजन जागेवरच मोजा. बाटलीत हवा शिरली की आकडा फसवा. पाणी आत सुमारे १५ तास राहायला हवं, पुढे लोह बसायला तळं हवंच.

मँगनीज जास्त असेल तर चर पुरेसा पडत नाही, कारण ते काढायला सामू बराच चढवावा लागतो. चुन्याने सामू ९-१० पर्यंत चढवता येतो, चुनखडीने ७ च्या आसपासच. मात्र ९ च्या वर अ‍ॅल्युमिनियम पुन्हा विरघळतं, आणि सोडण्याआधी सामू खाली आणावा लागतो. गाळही भरपूर निघतो.

चालू खाण, बदलता प्रवाह, मँगनीज: चुनाच. बंद खाण, थोडं, संथ, ऑक्सिजनविरहित पाणी: चर.