गांडूळखताचा तयार बेड: वर्षभर वापरल्यानंतर

१२ फूट लांब, ४ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी जाड विणलेल्या प्लास्टिकची पिशवी. कडेला शिवलेल्या खिशांत बांबू घातले की ती उभी राहते. बाजूंना हवेसाठी जाळीच्या खिडक्या, एका टोकाला तळाशी पाणी निघायला तोटी. रासायनिक खत कमी करायचं ठरवलं की बरेच जण सगळ्यात आधी हा गांडूळखताचा बेड मागवतात. मीही भाजीच्या प्लॉटसाठी तोच घेतला आणि ऊन, पाऊस, थंडी तिन्हींतून वापरला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारातले बरेचसे बेड याच मापाचे आणि याच बनावटीचे आहेत. जे सांगणार आहे ते त्या बनावटीबद्दल आहे.

आधी चांगलं सांगते. बेड उभा करायला दोन माणसं आणि एक सकाळ पुरते. विटा नकोत, सिमेंट नको, गवंड्याची वाट बघणं नको. जमीन दुसऱ्याची असेल, खंडाने कसत असाल, तर पक्का हौद बांधून ठेवण्यापेक्षा गुंडाळून नेता येणारी वस्तू केव्हाही बरी. रुंदी ४ फूट ठेवली आहे तीही विचार करून ठेवलेली दिसते: दोन्ही बाजूंनी हात घातला तर मधोमध पोचतो. त्यासाठी दोन्ही लांब बाजूंना चालायला जागा मात्र सोडायला हवी. भिंतीला चिकटवून मांडलेले बेड मी पाहिलेत. त्यांची पलीकडची अर्धी बाजू कायम दुर्लक्षित राहते, तिथलं खत एक तर वाळून टणक झालेलं असतं नाही तर सडलेलं.

पहिली तक्रार तोटीची. ती तळाच्या शिवणीपासून दोनेक इंच वर बसवलेली आहे, म्हणजे तेवढं पाणी तळाशी साचणारच. साचलेल्या पाण्यात हवा राहत नाही, तो थर काळा पडतो, त्याला नासका वास सुटतो आणि गांडुळं तिथून पळतात. गांडूळ ओल्या कातडीनेच श्वास घेतं, त्याला फुप्फुसं नसतात. ओल हवी, पण ओलीच्या फटींतून हवाही खेळायला हवी. सोबत आलेल्या पत्रकात ‘सपाट जागेवर मांडा’ असं छापलंय. तसं करू नका. तोटीच्या दिशेने स्पष्ट उतार काढा, तळाला जाड काड्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्या आणि मग वर शेण भरा. एवढं केलं की तळाचा वास जातो.

दुसरी गोष्ट उंचीची. २ फूट उंची हे विक्रीचं मोठं आकर्षण आहे, कारण त्यामुळे ‘एका बेडमध्ये दीड टन माल बसतो’ असं सांगता येतं. बसतोही. पण खत करणारी गांडुळं वरच्या चार-सहा इंचांतच खातात आणि फिरतात. एकदम काठोकाठ भरलं की खालचं शेण स्वतःच्या वजनाने दबतं, मधला भाग तापतो आणि गांडुळं कडेला गोळा होऊन बसतात. मी आठ-नऊ इंचांपासून सुरुवात करते आणि वरचा भाग कणीदार दिसायला लागला की तीन-चार इंचांचा नवा थर देते. अशाने बेड हळूहळू भरतो आणि सगळीकडून सारखा होतो. ‘४५ दिवसांत खत’ हे आश्वासन सगळं जुळून आलं तरच खरं ठरतं. दोन ते तीन महिने धरून चाला.

बेडसोबत कल्चर म्हणून गांडुळंही मिळतात आणि सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते. मला आलेल्या पोत्यात वजनाचा मोठा वाटा ओलं माध्यमच (ज्यात गांडुळं ठेवतात ते शेण-काडीकचरा) होतं, गांडुळं थोडी. एक किलो निव्वळ गांडुळांत लहान-मोठी धरून साधारण हजार ते दोन हजार गांडुळं भरतात, तेव्हा विकत घेताना माध्यम वेगळं आणि गांडुळं वेगळी तोलून मागा. जात कोणती तेही विचारा. आयसेनिया फेटिडा हे लालसर, पट्टे असलेलं गांडूळ थंडी चांगली सोसतं आणि १५ ते २५ अंश सेल्सियसमध्ये सगळ्यात जोमात असतं. युड्रिलस युजेनी आकाराने मोठं, खाण्यात तेज, पण त्याला ऊब लागते आणि कडक थंडीत ते टिकत नाही. ३५ अंशांच्या वर गेलं की दोघांचीही खैर नाही. आपल्याकडे वर्षभर तापमान कसं असतं ते बघून जात निवडायची, विक्रेत्याकडे काय शिल्लक आहे ते बघून नव्हे.

पत्रकावर चार्ल्स डार्विनचं नाव मोठ्या अक्षरात आहे. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एकेका एकरात वर्षाला १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्याचा १८८१ सालचा अंदाज खाली दिलाय आणि त्याला जोडूनच ‘आमची गांडुळं शेतात सोडा, जमीन भुसभुशीत करा’ असं लिहिलंय. ही दिशाभूल आहे आणि तिचा मला खरंच राग येतो. डार्विनने पाहिलेली गांडुळं कुरणाच्या मातीत बिळं करून राहणारी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ मार्सेल बुशे याने १९७०च्या दशकात गांडुळांचे तीन गट मांडले: पृष्ठभागावरच्या कुजक्या काडीकचऱ्यात राहणारी, मातीच्या आत आडवी फिरणारी आणि खोल उभी बिळं करणारी. बेडमधली पहिल्या गटातली. त्यांना शेणाचा ढीग लागतो. नांगरलेल्या उघड्या रानात सोडली तर ती जमीन भुसभुशीत करणार नाहीत, तिथे खायला नाही म्हणून मरतील. रानातली गांडुळं वाढवायची तर जमिनीवर पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवा, नांगरट कमी करा, तिथली मूळची गांडुळं आपोआप वर येतात. त्यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही. बाहेरची गांडुळं नव्या जागी सोडण्यात धोकाही आहे. उत्तर अमेरिकेत हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तरेकडच्या जंगलांत स्थानिक गांडुळं नव्हती. बाहेरून आलेल्यांनी तिथला पाचोळ्याचा थर फस्त केला आणि त्या थरावर जगणाऱ्या झाडोऱ्याचं नुकसान झालं.

आता बेडच्या आत काय घालायचं. ताजं शेण घालायचं नाही. ताज्या शेणाचा ढीग ६० अंशांच्या आसपास सहज तापतो. बाहेर सावलीत दोन-तीन आठवडे ढीग लावून, मधून एकदा उलथापालथ करून, आतली वाफ निवली की मगच ते बेडमध्ये. ही उष्णता वाया जात नाही. तणाचं बी तिनेच मरतं. गांडुळांच्या बेडमध्ये बी मरेल एवढी उष्णता तयार होत नाही, त्यामुळे ढिगात न मेलेलं बी खतातून थेट तुमच्या वाफ्यात येतं. कोंबडीची विष्ठा अगदी जपून, ती ताजी असेल तर तिच्यातला अमोनिया गांडुळांना जाळतो. निव्वळ शेणापेक्षा त्यात वाळका पाला, भुसा, पुठ्ठ्याचे तुकडे मिसळलेले बरे. कर्ब आणि नत्राचं प्रमाण सुरुवातीला २५ ते ३० ला १ असावं. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून दोन-चार थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी बंद.

शेण स्वतःच्या गोठ्यातलं नसेल, विकत आणत असाल, तर एक चौकशी चुकवू नका: त्या जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर कोणतं तणनाशक मारलं होतं? अमिनोपायरालिड आणि क्लोपायरालिड ही तणनाशकं गवतावर टिकून राहतात, जनावराच्या पोटातून तशीच बाहेर पडतात आणि खत कुजवल्यावरही पुरती नाहीशी होत नाहीत. अशा खतात टोमॅटो, घेवडा, बटाटा यांची पानं वाटीसारखी आत वळतात, शेंडे पिळवटतात आणि शेतकरी रोग समजून फवारणी करत बसतो. यावर सोपी चाचणी आहे. दोन-तीन कुंड्यांत खत मिसळून घेवड्याचं बी लावायचं, बाजूच्या कुंड्यांत खताशिवाय लावायचं आणि दोन-तीन खरी पानं येईपर्यंत थांबायचं. मी विकतच्या शेणाची प्रत्येक खेप आता अशीच तपासते. जंतनाशक दिलेल्या जनावराचं शेणही मी काही काळ वेगळं ठेवते. आयव्हरमेक्टिनसारख्या औषधाचा अंश शेणात उतरतो आणि शेणात जगणाऱ्या किड्यांना मारतो, हे चांगलं अभ्यासलं गेलेलं आहे. शेणकिडे मरतील असा माल माझ्या रानात मला नको.

आणि इथे मला या बेडबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. तो प्लास्टिकचा आहे. विणलेला एचडीपीईचा कपडा उन्हात ठिसूळ होतो. ‘यूव्ही संरक्षित’ असं लिहिलं तरी ते संरक्षण हळूहळू संपतं. माझ्या बेडची खिडक्यांखालची शिवण आधी उसवली, मग खत काढताना खोरं घासतं तिथे धागे सुटायला लागले. हिरवे, बोटभर लांबीचे, चपटे धागे. चाळताना मोठे धागे हाताला लागतात. त्यांचेच तुटून झालेले बारीक कण चाळणीतून खाली जातात आणि खताबरोबर शेतात पसरतात. तिथून ते कोणी वेचून काढणार नाही. ज्या मातीला जिवंत करायचं म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्यातच आपण प्लास्टिकची भर घालायची, हे मला पटत नाही. वापरायचाच असेल तर बेड पूर्ण सावलीत ठेवा. गांडुळांना सावली लागतेच, कपड्यालाही लागते. खत काढायला खोरं, फावडं नको, हाताने किंवा लाकडी फळीने ओढा. धागे सुटायला लागल्यावर ठिगळ लावून आणखी वर्ष ढकलू नका.

तोटीतून गळणाऱ्या पाण्याला ‘व्हर्मीवॉश’ म्हणून औषधाचा मान दिला जातो. साचून गळलेल्या पाण्यात अर्धवट कुजलेल्या मालातलं काहीही असू शकतं, कधी रोपाला घातक, कधी रोगजंतूही. मी ते पातळ करून झाडाच्या बुडाशी देते, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर कधीच फवारत नाही. मुंग्या अडवायला बेडभोवती पाण्याची चर लागते. उंदरांना हा कपडा अडवत नाही.

खत स्वतः मात्र उत्तम झालं. कणीदार, काळसर, हातात घेतलं तर ओल्या मातीचा वास. भरलेल्या मालाच्या निम्म्याच्या आसपास खत हाती येतं, तेव्हा दीड टनाच्या बेडमधून दीड टन मिळेल अशी अपेक्षा नको. नत्र १ ते २ टक्के, म्हणजे एक टन खतात १० ते २० किलो. १०० किलो युरियात ४६ किलो असतं. शिवाय यातलं नत्र बहुतेक सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं, जिवाणू सोडतील तसं मिळतं. म्हणून मोठ्या रानाची सगळी नत्राची भूक गांडूळखतावर भागवायला गेलात तर हिशोब जुळणार नाही. त्याला द्विदल पिकांची फेरपालट, हिरवळीचं खत यांची जोड लागतेच. माझ्याकडे याचा खरा फायदा रोपवाटिकेत दिसला. रोपांच्या मिश्रणात १० ते २० टक्के गांडूळखत घातलं की मुळांचं जाळं दाट होतं, रोप उपटताना माती सुटत नाही आणि लागवडीनंतर मर कमी होते. प्रमाण फार वाढवलं की उलट वाढ खुंटते, क्षार वाढतात. थोडक्या खतात जास्त काम होतं ते इथे.

दुसरा बेड मी विकत घेतला नाही. सिमेंट न लावता नुसत्या विटा रचून तेवढ्याच रुंदीचा, पण फूटभरच उंचीचा वाफा केला, मधे विटांचीच एक जाळीदार भिंत ठेवली. एका कप्प्यातलं खत तयार झालं की पाणी तोडायचं आणि दुसऱ्या कप्प्यात नवं शेण भरायचं. गांडुळं फटींतून स्वतःच पलीकडे जातात. मोठी जातात, अंड्यांचे कोष आणि अगदी बारीक पिल्लं मागे राहतात, म्हणून चाळलेला जाड भाग मी परत नव्या कप्प्यात टाकते. जुनी पिशवी आता सावलीत कल्चर राखायला ठेवली आहे, तिच्यातलं खत शेतात जात नाही.

खंडाच्या जमिनीवर असाल किंवा लवकरच जागा बदलणार असाल, तर हा बेड घ्या, वर सांगितलेली काळजी घेऊन घ्या. बनवणाऱ्यांनी तोटी अगदी तळाच्या शिवणीला आणावी, जाळीच्या कडा दुमडून दुहेरी शिवाव्यात आणि कपडा उन्हात किती वर्षं टिकतो ते पिशवीवरच छापावं. ते छापलेलं दिसेपर्यंत माझ्या भाजीच्या प्लॉटवर विटांचेच वाफे राहतील.