पांढरी दोनची टिन व्हिसल आणि शिकागोच्या पोलीसप्रमुखाच्या १००१ चाली

फूटभर पितळी नळी, सहा भोकं आणि प्लॅस्टिकचं तोंड. डी स्वराची टिन व्हिसल एवढीच असते. जत्रेत मिळणाऱ्या चोचीच्या बासरीची ही आयरिश चुलतबहीण. नाशकातल्या वाद्यांच्या दुकानांत सहसा दिसत नाही, ऑनलाइनच मागवावी लागते. चालींच्या पुस्तकावर मात्र पैसे घालवू नका. फ्रान्सिस ओ'नील यांचं १९०७ चं 'द डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड' स्वामित्वहक्कातून कधीच मोकळं झालंय, स्कॅन फुकट मिळतं.

ओ'नील जन्मले १८४८ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात. पोरवयात जहाजावर चढले, १८७३ साली शिकागोच्या पोलिसांत लागले आणि १९०१ ते १९०५ तिथले पोलीसप्रमुख होते. शहरात येऊन राहिलेल्या आयरिश वादकांकडून त्यांनी चाली गोळा केल्या. स्वतः बासरी वाजवत, पण नोटेशनमध्ये हात कच्चा. ते चाल ऐकवत आणि दलातलेच जेम्स ओ'नील, नात्याचे नव्हेत, नुसते आडनावबंधू, ती लिहून घेत. १९०३ च्या पहिल्या संग्रहात १८५० चाली आल्या. १९०७ च्या पुस्तकात १००१, सगळ्या नाचाच्या. ट्रॅलिबेन या जन्मगावी त्यांचा पुतळा आहे. त्याच्या हातात दंडुका नाही, बासरी आहे!

पुस्तकात उणीव एकच, पण मोठी. चाल उघडी छापलीय, हरकती जवळजवळ नाहीत. छापल्याबरहुकूम वाजवली तर ती कवायतीसारखी वाटते. आधी ध्वनिमुद्रण ऐका, मग पान उघडा. सुरुवात जिग या आयरिश नाचाच्या चालीपासून करा. तीन-तीनच्या जोड्या असतात, दादऱ्याची सवय असलेल्याचा पाय आपोआप पडतो. ओळीच्या सुरुवातीला शार्पच्या (#) खुणा एक किंवा दोन असतील त्याच चाली निवडा. तीन दिसल्या की अर्धं भोक दाबणं आलं.

आता व्हिसल. सगळी भोकं बंद केली की डी, म्हणजे पेटीवरची पांढरी दोन, आणि तिथून सरळ बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. आडवी बासरी वाजवणाऱ्यांनी वेगळा हिशेब करावा: वरची तीन बंद ठेवून सा धरला तर ही पांढरी पाचची बासरी होते, फक्त एक सप्तक वर. सगळी भोकं उघडली की तीव्र मध्यम, तोही आपल्या ओळखीचा. शुद्ध मध्यमाला मात्र अर्धं भोक नको. पहिलं उघडं, दुसरं-तिसरं बंद, बाकी उघडी, की स्वर स्वच्छ लागतो.

बासरीवाले इथे हमखास फसतात ते फुंकेत. मंद्र डीला फुंक जेमतेम लागते, जरा जोर झाला की स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. वरचा डी हवाच असेल तर पहिलं बोट उचला, बाकी पाच तशीच. वरच्या सप्तकात किंचाळी आली तर व्हिसलला दोष देण्याआधी अनामिका बघा, बहुधा तीच भोकावरून सरकलेली असते.

स्वस्तातल्या बऱ्याच व्हिसलची तोंडं नळीला गोंदानं चिकटवलेली येतात, त्यामुळे पेटीशी सूर जुळवता येत नाही. पाणी उकळून खाली उतरवा, फक्त तोंडाचा भाग अर्धा-एक मिनिट बुडवा, फडक्यात धरून हळूहळू पिळत सोडवा. पक्कड लावाल तर प्लॅस्टिक जाईल. तोंड दोन मिलिमीटर बाहेर ओढलं की स्वर उतरतो. म्हणून चढी निघालेली व्हिसल सुधारते, उतरीला इलाज जवळजवळ नाही. नाशकातल्या जानेवारीच्या सकाळी चढी व्हिसलसुद्धा उतरलेलीच वाटते: हवा एक अंशानं गार झाली की स्वर साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो. पाच मिनिटं काखेत धरा, मग सूर लावा.

वाजवताना आवाज घोगरा झाला तर फुंकेच्या वाटेत वाफ साचलीय. पुढची खिडकी, म्हणजे तोंडावरची चौकोनी फट, बोटानं दाबून एक जोरदार फुंक मारा. सुई-टाचणी घालू नका, आतली कड खरवडली की आवाज कायमचा फाटतो.

पितळ काळवंडतंच. भांडीबाजार असलेल्या गावात ते कसं उजळायचं हे सांगायला नको, पण पितांबरी लावायची ती तोंड काढून, नुसत्या नळीला. भोकांच्या कडांत राहिलेली पूड बोटांना लागते आणि तिथून ओठांना.