बेसमेंट नसलेलं घर: शिकागोहून फिनिक्सला, १४ महिन्यांनी

शिकागोजवळ नेपरव्हिलला आम्ही २७ वर्षं राहिलो. चार बेडरूम, खाली पूर्ण तयार बेसमेंट, म्हणजे तळघर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते घर विकलं आणि ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या शेजारी चँडलरला १,४५० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घरात आलो. आज १४ महिने झाले, म्हणजे एक अख्खा उन्हाळा काढून झालाय. फेब्रुवारीत चार दिवस इथे येऊन 'वा, काय हवा आहे!' म्हणणाऱ्यांचं मत धरू नका. आम्हीही फेब्रुवारीतच घर बघायला आलो होतो.

का निघालो, ते आधी सांगते. २०१४ मध्ये ड्राइव्हवेवरच्या काळ्या बर्फावरून, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या पातळ थरावरून, घसरून माझं मनगट मोडलं. मग ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत उणे २३ फॅरनहाइट झालं, म्हणजे उणे ३१ सेल्सिअस. त्या दिवशी नवरा म्हणाला, "पुरे झालं." तरी 'पुरे' होऊन प्रत्यक्ष निघायला पावणेपाच वर्षं लागली, कारण घर रिकामं करायचं होतं.

घर रिकामं करायला किती वेळ लागतो? आम्ही दोन महिने धरले होते, लागले पाच. सूटकेसमध्ये सूटकेस, तिच्यात तिसरी, अशा १९ निघाल्या. आठ जणांचं जेवणाचं टेबल विकायला काढलं, कोणी विचारलंही नाही, शेवटी फुकट दिलं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, नको गं, आमच्याकडे जागा कुठेय?" राग आला होता. आता येत नाही, तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पंचवीसेक वर्षांचे दिवाळी अंक ओळखीच्या वाचकांत वाटले. साठ माणसांच्या आमटीची पातेली, परात आणि एका वेळी चाळीस मोदक उकडणारं मोदकपात्र एका मैत्रिणीकडे गेलं. १६ वर्षांचा कढीपत्ता मात्र सोबत आणता आला नाही. दर ऑक्टोबरात घरात, दर मेमध्ये बाहेर, असं त्याला वाढवलं होतं. पण तो लिंबाच्या कुळातला, आणि लिंबू उत्पादक राज्यांत ती झाडं बाहेरून न्यायला कडक नियम आहेत. तोही त्याच मैत्रिणीकडे दिला.

आता हवा. मी नागपूरची. मेमधलं ४५ सेल्सिअस, वाळ्याच्या ताट्या आणि डोक्याला बांधलेला दुपट्टा, यात वाढले. त्यामुळे 'कोरडं ऊन आहे हो, जाणवत नाही' असं इथल्या एजंट बाईंनी सांगितलं तेव्हा मला हसू आलं. जाणवतं! नवरा दादरचा, त्याला घामाशिवाय उकाडा असतो हेच नवीन होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ११३ दिवस पारा १०० फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर गेला, २७ मे ते १६ सप्टेंबर. नागपूरला जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो. इथे मान्सून आहे, नावही तेच, पण येतो तो धुळीची भिंत घेऊन. जुलैतल्या एका संध्याकाळी समोरचा रस्ता दहा मिनिटांत दिसेनासा झाला. त्यानंतर पाऊस पडला तो वीस मिनिटं. मात्र त्या पावसानंतर क्रिओसोटच्या झुडपांचा जो वास सुटतो, त्यासाठी मी अंगणात उभी राहते. आपल्या मातीच्या वासासारखा नाही, जरा औषधी आहे. आवडायला लागलाय.

उन्हाळ्यात इथे काय होतं, ते कोणी आधी सांगत नाही. गार पाण्याचा नळ सोडला की कोमट पाणी येतं. गाडीची बॅटरी दोन-तीन वर्षांतच जाते. फिरायला पहाटे पाचला निघायचं, सातनंतर पडदे लावून घरात. शिकागोत जानेवारीत काचेतून बर्फ बघत बसायचो, इथे जुलैत काचेतून ऊन बघतो. कोंडून घ्यायचे महिने तेवढेच आहेत, फक्त कॅलेंडरवर सरकलेत. पण एक फरक आहे, आणि तो माझ्या लेखी मोठा आहे: ऊन फावड्यानं उपसावं लागत नाही आणि उन्हावरून पाय घसरत नाही. गुडघे मात्र होते तसेच दुखतात. 'गरम हवेत सांधे मोकळे होतात' यावर विसंबून कोणी येऊ नका. वर नाक आणि डोळे कोरडे पडतात. नवऱ्याचा तबला इथे आल्यापासून चढाच लागतो, त्याच्या पुडीवरची शाई सांभाळणं हे एक कामच झालंय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एसी बंद पडला. बाहेर ११५ फॅरनहाइट, म्हणजे ४६ सेल्सिअस. सेवा कंपनी म्हणाली, माणूस परवा येईल. दोन रात्री हॉटेलात काढल्या. माणूस आला, कपॅसिटर बदलला, हातभर कामही नव्हतं. आता तो सुटा भाग आम्ही घरात आणून ठेवलाय आणि एप्रिलमध्येच तपासणी करून घेणार. जुलैचं विजेचं बिल २८५ डॉलर आलं. आम्ही दुपार ते संध्याकाळ वीज महाग असणारी योजना घेतलीये, म्हणून दुपारपर्यंत घर थंडगार करून ठेवायचं आणि मग पारा थोडा चढू द्यायचा. नागपूरला कूलरच्या टाकीत पाणी भरायची पाळी असायची, तसंच हे एक नवं काम.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण सगळे हेच विचारतात. मालमत्ता कर ११,००० डॉलरवरून २,६०० वर आला, हा खरा फायदा. आयकराचं गणित उलटं आहे. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागोच्या राज्यात, निवृत्तीच्या पैशांवर राज्याचा कर नाही, ॲरिझोनात त्यातल्या बऱ्याच पैशांवर २.५ टक्के आहे. त्यामुळे 'टॅक्स वाचतो' म्हणून येणाऱ्यांनी आधी कागदावर मांडून बघावं. आणि डॉक्टर! नव्या पेशंटना घेणारा डॉक्टर मिळायला मला चार महिने लागले. त्यानं पहिल्याच भेटीत व्हॅली फीव्हरबद्दल बजावलं. इथल्या मातीतल्या बुरशीमुळे होणारा हा फुप्फुसाचा आजार आहे. धूळ उडत असली की मी आता खिडक्या लावते, खोकला लांबला तर सांगायचं हेही ठरलंय.

लहान घराचा त्रास होईल असं वाटलं होतं, झाला नाही. एका मजल्यावर सगळं, झाडायला अर्धा तास. जास्तीचं काही आणायचं तर ठेवायला जागा नाही, म्हणून आणलं जात नाही. कुरडया अंगणात एका दिवसात खडखडीत वाळतात, एप्रिलमध्ये चार किलो गव्हाच्या केल्या. पुढच्या बाजूला चादर पसरली म्हणून सोसायटीचं पत्र आलं, मग मागे पसरल्या. ॲरिझोनात घड्याळ मागे-पुढे करत नाहीत, त्यामुळे नागपूरशी वर्षभर साडेबारा तासांचा फरक. भावाला फोन करताना हिशेब करावा लागत नाही, हे सुख सांगून कळणार नाही.

पण बेसमेंट. शिकागोत जमीन गोठते, म्हणून पाया साडेतीन फूट खाली न्यावाच लागतो. तेवढं खणलंच आहे तर आणखी खणून तळघर करायचं, असा तिथला रिवाज. इथे जमीन गोठत नाही आणि खाली चुनखडीसारखा टणक थर असतो, म्हणून थेट स्लॅबवर घर. घर घेताना हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ कळला तो सप्टेंबरात. आमच्या त्या बेसमेंटमध्ये मंडळाच्या नाटकांच्या तालमी झाल्या, थंडीत दिवाळीचे किल्ले झाले, मुलांचे मित्र गाद्या टाकून झोपले, आणि गणपतीला साठ माणसं जेवली. वर कोणाला आवाज नाही, बाहेर बर्फ पडो नाहीतर आग लागो. आम्हाला वाटायचं आमचा स्वभाव माणसं जमवण्याचा आहे. अर्धा स्वभाव त्या तळघराचा होता, हे इथे आल्यावर लक्षात आलं.

सामान ठेवायला इथे गॅरेज. मखर तिथेच ठेवलं होतं. ७ सप्टेंबरला गणपती, म्हणून आदल्या आठवड्यात खोकं उघडलं तर गरम गोंदानं चिकटवलेला एकेक खांब सुटून पडलेला, मेणबत्त्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या. नवऱ्यानं पुठ्ठ्याचं साधं मखर केलं. चौदा माणसं आली, तीही नवी ओळख झालेली, आणि बसायच्या खोलीत दाटीवाटीनं बसली. मोदक मी इडलीपात्रात तीन घाण्यांत उकडले. शाडूची मूर्ती मागच्या अंगणात बादलीत विसर्जित केली आणि ते पाणी नव्या कढीपत्त्याला घातलं. हा इथल्याच नर्सरीतून आणलेला, थेट जमिनीत लावलेला. दुपारची सावली दिली तर फोफावतो, ऑक्टोबरात उचलून आत न्यायची कटकट नाही.

परत हाच निर्णय घेऊ का? घेऊ. फक्त घर घ्यायच्या आधी एक जुलै भाड्यानं काढू, आणि खोल्या दोनच घेतल्या तरी बसायची खोली मोठी बघू. नवऱ्याचं मत जरा वेगळं आहे. त्याला फेब्रुवारीत इथे आणि जुलैत शिकागोत राहायचंय, पण दोन घरं परवडत नाहीत, म्हणून तो विषय तिथेच थांबतो.

जानेवारीत शिकागोहून दोन जोडपी येणार आहेत, दहा दिवस. पाहुण्यांची खोली एक, त्यामुळे एका जोडप्याला बसायच्या खोलीत हवेची गादी. परवा मैत्रिणीचा फोन आला, "काय आणू तुझ्यासाठी?" मी म्हटलं, काही नको, इथे सगळं मिळतं. ती म्हणाली, "मोदकपात्र आणू का? इथे कपाटात नुसतं पडलंय." मी मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरातलं वरचं फडताळ मोजून आले. दीड इंच कमी पडतंय. तरी आण म्हणून सांगितलंय.