आयटीआयनंतर: अप्रेंटिसशिप की कंत्राटी काम?

मंदीनंतर ऑर्डर वाढू लागल्या की कारखाने बहुधा आधी कंत्राटी माणसं घेतात, कायम भरती नंतर. चाकण-भोसरीत फिटर, वेल्डरपुढे म्हणूनच दोन वाटा असतात.

कंत्राटात हातात पैसा जास्त येतो. पगारातून पीएफचे १२ टक्के कापले जातात, पण ते भरले जातात का, हे दर महिन्याला उमंग ॲपवर पासबुकात बघा. कापलेले पैसे न भरणारे ठेकेदार असतात. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) जुनाच द्या; नवा काढला तर रक्कम दोन खात्यांत विखुरते आणि काढताना डोकेदुखी होते.

अप्रेंटिसला मिळतं विद्यावेतन. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, आणि नंतर नोकरी देण्याचं बंधन कंपनीवर सहसा नसतं. पण परीक्षा पास झालात तर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. मात्र करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. नुसत्या ‘ट्रेनी’ पत्राला प्रमाणपत्रासाठी किंमत शून्य!

घरखर्च अंगावर नसेल, तर विशीच्या आत अप्रेंटिसशिपच घ्यावी.