ब्रुअर स्प्रूस : देखणे झाड, पण घाई असणाऱ्यांसाठी नव्हे

अमेरिकेतील ओरेगन राज्याचा नैर्ऋत्य कोपरा आणि त्याला लागून असलेला कॅलिफोर्नियाचा वायव्य भाग, एवढ्याच टापूत क्लॅमथ पर्वतरांगांच्या उंच उतारांवर ब्रुअर स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष निसर्गतः आढळतो. कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम ब्रुअर यांचे नाव त्याला १८८५ मध्ये देण्यात आले. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या फांद्यांवरून बारीक डहाळ्या दोरीसारख्या सरळ खाली लोंबतात, काही तर दोन मीटरपर्यंत, आणि हिवाळ्यातील जड बर्फ त्यांच्यावर फारसे न साचता घसरून पडते. हे रूप पाहूनच बहुतेक लोक रोप विकत घेतात; मीही ओरेगनमधल्याच पोर्टलंड शहराजवळच्या एका रोपवाटिकेतून बियांपासून वाढवलेले रोप आणले, त्याविषयीचे हे मत.

रोपाला लावलेल्या चिठ्ठीवरचे छायाचित्र आणि कुंडीतले रोप यांत साम्य शोधून सापडत नाही. लहान वयात हे झाड विरळ, काहीसे विस्कटलेले आणि अगदी सामान्य दिसते. डहाळ्या लोंबू लागण्यास दहा वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जावा लागतो, आणि ही बाब चिठ्ठीवर असायला हवी होती. कलमी रोपे लवकर लोंबतात, हे त्यांचे आकर्षण. परंतु बाजूच्या फांदीच्या टोकापासून बांधलेले कलम पुढेही आडवेच वाढू पाहते, त्याच्या शेंड्याला अनेक वर्षे काठीचा आधार द्यावा लागतो आणि तरीही झाडाचा तोल एका अंगाला जाण्याचा धोका उरतो. म्हणून मी दोन्हींपैकी बियांचे रोपच निवडेन, मग त्यासाठी कितीही थांबावे लागो.

लागवडीत दोनच गोष्टींची खरी काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे पाण्याचा निचरा आणि उन्हाळा. मुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे चिकण मातीत पावसाळी पाणी तुंबले तर झाड खंगते. उलट पावसाविना जाणाऱ्या आमच्या जुलै-ऑगस्टमध्ये कोवळ्या रोपाला खोलवर पाणी आणि बुंध्याभोवती लाकडाच्या चुऱ्याचे जाड आच्छादन लागते, मात्र ते बुंध्याला चिकटू देऊ नये. दुपारचे ऊन परावर्तित करणारी भिंत किंवा डांबरी वाहनतळ जवळ नसावा. जून २०२१ मध्ये पोर्टलंडचा पारा ४६ अंशांवर गेला, तेव्हा इथल्या अनेक सूचिपर्णी झाडांच्या पानांचा उन्हाकडचा भाग करपला होता, हे जागा निवडताना लक्षात ठेवलेले बरे. ब्रिटनच्या थंड, दमट बागांमध्ये हे झाड नावाजले गेले, ते उगीच नव्हे.

रचनेच्या दृष्टीने ते एकटेच उभे करावे. कुंपणाला रांगेत लावणे किंवा खालच्या फांद्या छाटणे म्हणजे पैसे खर्चून त्याची शोभा घालवणे होय. गडद हिरवी, चपटी पाने आणि त्यांच्या एका बाजूवरील पांढुरक्या रेषा जवळून पाहण्यासारख्या असल्याने पायवाटेलगतची, पण भरपूर मोकळी जागा योग्य ठरते.

महाराष्ट्रातील नातेवाइकांना छायाचित्रे पाठवली की महाबळेश्वरला हे लागेल का, असा प्रश्न हमखास येतो. तिथला हिवाळा या झाडासाठी पुरेसा थंड नाही आणि तिथला पाऊस तर त्याच्या मुळांना मुळीच मानवणार नाही. लोंबत्या डहाळ्यांचा स्प्रूस भारतातच पाहायचा असेल तर पश्चिम हिमालयातील स्प्रूस आहे. कुलू-मनालीकडे फिरून आलेल्यांनी तो नकळत पाहिलेलाही असेल. ओरेगनमध्येही ज्यांना लवकर मोठे झाड हवे असेल त्यांनी त्याचाच विचार करावा, कारण तो ब्रुअरपेक्षा पुष्कळ भरभर वाढतो. फक्त त्याचा विस्तार मोठा होत असल्याने लहान अंगणात तो मावणार नाही.