‘ओरिजिनल’ म्हणून घेतलेलं स्वस्त कार्ट्रिज आणि त्यापाठोपाठ खोटी हेल्पलाइन, माझा अनुभव

घरी इंकजेट प्रिंटर असेल आणि इंक महाग पडते म्हणून ऑनलाइन स्वस्त कार्ट्रिज शोधत असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी हे वाचा. मी एकाच प्रिंटरपायी पंधरा दिवसांत दोनदा फसलेय आणि दुसऱ्यांदा फसले ते पहिल्यामुळेच, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे मुलीच्या वर्कशीट्स, प्रोजेक्ट, अधूनमधून कसले कसले फॉर्म, असं प्रिंटिंग बरंच होतं. प्रिंटर घेताना स्वस्त मिळाला होता. तेव्हा कळलं नव्हतं की प्रिंटर स्वस्त देतात आणि कमाई इंकवर करतात, आणि नव्या प्रिंटरसोबत येतं ते कार्ट्रिज बऱ्याचदा कमी इंकचं असतं, त्यामुळे ते लगेच संपतं आणि आपण इंकच्या शोधात निघतो. मीही निघाले. एका मोठ्या शॉपिंग साइटवर दोन काळ्या कार्ट्रिजचा सेट दिसला, कंपनीचंच नाव, कंपनीचाच बॉक्स, वर ओरिजिनल लिहिलेलं आणि किंमत मूळ किमतीच्या निम्म्याहून कमी. रिव्ह्यू शेकड्याने होते. मी फक्त स्टार बघितले, वाचले नाहीत. नंतर वाचले तर त्यातले कितीतरी मोबाईलच्या कव्हरचे होते! म्हणजे जुन्या कुठल्यातरी वस्तूच्या पानावर फोटो आणि नाव बदलून कार्ट्रिज विकायला ठेवलेलं, स्टार मात्र जुनेच.

पार्सल आलं, बॉक्स दिसायला अगदी खरा. आत एक छोटं कार्ड होतं, पाच स्टार देऊन स्क्रीनशॉट पाठवा, थोडे पैसे परत देऊ. मी स्टार दिले नाहीत, पण त्या कार्डाने माझ्या मनात शंका यायला हवी होती, कारण खरी कंपनी कार्ट्रिजच्या बॉक्समध्ये असलं काही घालत नाही. सीलही नीट बघितलं नाही. दुसरा बॉक्स नंतर उजेडात धरला तेव्हा दिसलं की सीलच्या खाली आधीच्या सीलच्या गोंदाचा चकचकीत पट्टा आहे, म्हणजे एकदा उघडून परत चिकटवलेला.

पहिलं कार्ट्रिज लावलं, प्रिंटरने इंक फुल दाखवली, मी निर्धास्त झाले. इथेच मोठी गोम आहे. बऱ्याच प्रिंटरमध्ये इंकची पातळी कोणी आत डोकावून मोजत नाही, किती थेंब सोडले त्याचा हिशोब कार्ट्रिजवरच्या छोट्या चिपवर ठेवला जातो आणि त्यावरून अंदाज दाखवतात. जुन्या कार्ट्रिजची चिप रिसेट केली किंवा नवी चिप चिकटवली की आत चमचाभर इंक असली तरी स्क्रीनवर फुल दिसणार.

बॉक्सवर लिहिलं होतं ५०० पानं. प्रिंटरच्या मेनूतून स्टेटस पेज काढता येतं त्यावर आजवर किती पानं छापली तो आकडा असतो, त्यावरून हिशोब केला तर जेमतेम १४० पानांनंतर अक्षरांत पांढऱ्या रेघा यायला लागल्या. आधी वाटलं आपणच गडद चित्रं जास्त छापली असतील, कारण बॉक्सवरचा पानांचा आकडा आयएसओ/आयईसी २४७११ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीने काढतात, ठरलेली चाचणीची पानं सलग छापून, आणि घरात आपण दोन पानं आज दोन पानं आठवड्याने असं छापतो, मधल्या सफाईत इंक जाते, त्यामुळे थोडा फरक पडतोच. पण तिपटीहून जास्त फरक?

रेघा आल्या म्हणून मी हेड क्लीनिंग केलं, म्हणजे कागदावर इंक सोडणारा भाग (हेड) प्रिंटरच्या मेनूतून साफ करून घेतला. मग परत. असं सहा वेळा. प्रत्येक क्लीनिंगमध्ये इंक हेडच्या बारीक छिद्रांतून (नॉझलमधून) ओढून वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली इंक शोषणाऱ्या पॅडमध्ये, टाकली जाते, आणि माझ्या प्रिंटरमध्ये काळ्यासोबत रंगीतही ओढली जाते, म्हणजे त्या एका खोट्या कार्ट्रिजपायी माझी तीन खरी रंगीत कार्ट्रिजही अर्धी झाली. नंतर एका पानावर पाण्याचा थेंब पडला आणि अक्षरं निळसर होऊन पसरली. आमच्या प्रिंटरची मूळ काळी इंक पिगमेंटची (बारीक रंगकणांची) आहे, ती वाळल्यावर अशी पसरत नाही, याच्यात साधी डाय इंक (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) भरलेली होती. हे दोन प्रकार एकत्र आले तर गुठळ्या होऊन नॉझल बुजू शकतात. ज्यांच्या प्रिंटरमध्ये हेड कार्ट्रिजलाच असतं त्यांचं निदान कार्ट्रिज बदललं की हेडही बदलतं, पण आमच्यासारखं हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असेल तर खराब इंकचा फटका थेट प्रिंटरला बसतो.

आता दुसरा भाग, तो जास्त भयंकर. पहिलं संपलं म्हणून दुसरं लावलं तर प्रिंटर म्हणे कार्ट्रिज ओळखता येत नाही. मधल्या काळात प्रिंटरने आपोआप अपडेट घेतलेला, आणि अशा अपडेटनंतर बाहेरच्या चिप नाकारल्या जाऊ शकतात हे मला माहीत नव्हतं. मुलीचं प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं, मी घाईत सर्चमध्ये कंपनीचं नाव आणि हेल्पलाइन टाकलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर फोन लावला. ती जाहिरात होती हे वरच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मी बघितलंच नाही.

माणूस अतिशय नम्र. ‘मॅडम, काळजी करू नका, दोन मिनिटांत चालू करून देतो.’ त्याने एक ॲप टाकायला लावलं, त्यातून माझ्या लॅपटॉपची स्क्रीन त्याच्याकडे गेली. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि म्हणाला बघा, कॉम्प्युटरमध्ये एवढे एरर आहेत, प्रिंटर ड्रायव्हरचं (प्रिंटर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स संपलंय, म्हणून कार्ट्रिज ओळखत नाही. ती यादी व्यवस्थित चालणाऱ्या कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरवर दिसते हो! किरकोळ नोंदी असतात त्या. पण मला रात्री दहा वाजता ते लाल दिसलं आणि मी घाबरले. तीन वर्षांचं ‘ड्रायव्हर रिन्यूअल’ म्हणून त्याने पैसे मागितले, मी कार्डने भरले, तेही त्याची स्क्रीन चालू असताना.

फोन ठेवल्यावर प्रिंटर होता तसाच. दादाला फोन केला, तो ऐकूनच ओरडला, ‘अगं ड्रायव्हरला कोण पैसे घेतं, तो कंपनीच्या साइटवर फुकट असतो, आधी नेट बंद कर!’ नेट बंद केलं, बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं आणि व्यवहाराची तक्रार नोंदवली, ते ॲप काढून टाकलं, सगळे महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. पासवर्ड त्याच लॅपटॉपवरून बदलू नका, आत काय ठेवून गेलेत कळत नाही. लॅपटॉप नंतर दादाने पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकलं.

कार्डाचे पैसे काही आठवड्यांनी बँकेने परत केले. कार्ट्रिजचे मात्र गेले. सेलर म्हणाला सील फोडलंय, उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. माझ्याकडे व्हिडिओ नव्हता, पहिला बॉक्सही फेकून दिलेला, आणि चार दिवसांनी ते पानच साइटवरून गायब झालं.

न वापरलेलं दुसरं कार्ट्रिज मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलं आणि शेजारी त्याच मॉडेलचं जुनं, खरं, रिकामं कार्ट्रिज. बॉक्सवर १२ मिली लिहिलंय, एक मिली इंक साधारण एक ग्रॅम धरा, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास फरक यायला हवा. आला चार ग्रॅम. म्हणून जुनं रिकामं कार्ट्रिज लगेच टाकू नका, आणि नवं लावायच्या आधी वजन करा, बॉक्स उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ घ्या, सील आणि बॉक्सवरचा नंबर दिसेल असा. कंपनीचा पडताळणीचा कोड असेल तर तो कंपनीची साइट स्वतः टाइप करून तिथे तपासा, बॉक्सवरचा क्यूआर कुठेही नेऊ शकतो.

उघडपणे ‘कॉम्पॅटिबल’, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण आपल्या प्रिंटरला चालणारं, म्हणून विकतात त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यात काय घेतोय ते आपल्याला माहीत असतं आणि चांगलीही मिळतात, फक्त प्रिंटरचा ऑटो अपडेट चालू ठेवायचा की नाही ते आधी ठरवा.

खरी बचत मला नंतर सापडली ती प्रिंटरच्या सेटिंगमध्येच. वर्कशीट्स ड्राफ्ट (कमी इंकची फिकट छपाई) आणि ग्रेस्केलवर (रंगाशिवाय), प्रिव्ह्यू बघून नको ती पानं वगळून, दोन्ही बाजूंनी. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करते, भिंतीवरच्या स्विचने नाही, कारण बटणाने बंद केला की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, नाहीतर नॉझल उघडे राहून सुकतात आणि परत क्लीनिंग आलंच. आठवड्यातून एक रंगीत पान छापते. हेड दोनदा साफ करूनही काळ्यात एक बारीक रेघ अजून येतेय, गेली तर कशाने गेली ते इथेच लिहीन.