देहदंड आणि परदेशी नागरिक: एक उपयुक्त संकेतस्थळ

अमेरिकेतील ‘डेथ पेनल्टी इन्फर्मेशन सेंटर’चे संकेतस्थळ विनामूल्य आहे, आणि देहदंडावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वापरावे, असे मी आग्रहाने सांगेन. देहदंड सुनावल्यानंतर निर्दोष सुटलेल्यांची 1973 पासूनची यादी येथे मिळते. त्यातील क्लेमेंते आगिरे या होंडुरासच्या तरुणाची नोंद अवश्य वाचावी. 2004 मध्ये फ्लोरिडात शेजारच्या घरात दोन मृतदेह दिसूनही, कागदपत्रांअभावी आपल्याला देशाबाहेर काढतील या भीतीने त्याने पोलिसांना कळवले नाही, आणि तेच मौन त्याच्या अंगाशी आले. रक्ताच्या डागांची डीएनए चाचणी बचाव पक्षाने खटल्याआधी करून घेतलीच नव्हती. पुढे ती झाल्यावर संशय दुसरीकडे वळला आणि 2018 मध्ये तो सुटला. इतकी साधी चाचणी वेळेवर होऊ नये, हे फार अस्वस्थ करते.

परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र पान आहे. अटकेनंतर आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला असूनही तो कसा डावलला जातो, हे तेथे कळते. मात्र ही दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय स्थलांतरितांवरील अन्यायाचे स्वरूप पुरते उलगडत नाही, म्हणून अभ्यासकाने सवड काढूनच बसावे.